हशा आणि अक्षता

'शुभ मंगल ज्यादा सावधान' हा हिंदी बोलपट २१ फेब्रुवारी २०२० रोजी पडद्यावर आला, त्याला आता काही वर्षे होऊन गेली. त्याच्या जाहिराती उतरल्या, त्याच्यावरील वाद निवाले, आणि ज्यांस तो पाहावयाचा होता त्यांनी तो एव्हाना पाहिला आहे. कोणत्याही कृतीचा शांतपणे विचार करण्यास हीच वेळ बरी. तथापि आमचा विषय केवळ तो बोलपट नव्हे. तो पाहणारा प्रेक्षक हाही आमचा विषय आहे. दोन तरुण पुरुषांचे परस्परांवरील प्रेम ही ज्याची कथावस्तू, असा एक विनोदी बोलपट पांढरपेशा कुटुंबांनी तिकिटे काढून पाहिला आणि पाहताना ती कुटुंबे हसली, ही गोष्ट त्या बोलपटाच्या गुणदोषांइतकीच विचारार्ह आहे. ती कशास हसली, कोठे गप्प बसली, आणि बाहेर पडल्यावर काय बोलली, ह्याचा हिशेब मांडल्यावाचून ह्या कृतीचे परीक्षण पुरे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

कथानक फार गुंतागुंतीचे नाही. अमन त्रिपाठी आणि कार्तिक सिंह हे दोघे दिल्लीत एकत्र राहतात व एकमेकांवर प्रेम करतात. अमनच्या चुलतबहिणीचे लग्न निघते, आणि दोघेही त्रिपाठी कुटुंबाबरोबर वऱ्हाडाच्या आगगाडीत बसतात. अमनचे वडील शंकर त्रिपाठी हे कृषिशास्त्रज्ञ. काळ्या रंगाची फुलकोबी निर्माण केली, हा त्यांचा मोठा अभिमान. त्या आगगाडीतच दोघा तरुणांचे चुंबन त्यांच्या दृष्टीस पडते आणि त्यांना ओकारी येते. पुढे अलाहाबादेतील घरी मुलाला वळणावर आणण्याचे सर्व उपाय होतात: मारझोड होते, एका मुलीशी त्याचे लग्न ठरते, एवढेच नव्हे तर जुना अमन मेला असे मानून त्याचा विधिपूर्वक पुनर्जन्मही करविला जातो. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ चा दिवस उजाडतो. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. बोलपटातही तो निकाल येतो, आणि वडील मुलाची वाट मोकळी करतात. लेखक व दिग्दर्शक हितेश केवल्य, कार्तिकच्या भूमिकेत आयुष्मान खुराना, अमनच्या भूमिकेत जितेंद्र कुमार, आणि आईवडिलांच्या भूमिकांत नीना गुप्ता व गजराज राव.

बोलपट हिंदी असला तरी त्याच्या नावातील मुख्य शब्द मराठी घरांस परके नाहीत. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस वधूवर उभे आहेत, मंगलाष्टके संपत आली आहेत, आणि भटजी 'सावधान' म्हणत आहेत, हे दृश्य आपण लहानपणापासून पाहात आलो. त्याच शब्दाने सावध होऊन रामदास बोहल्यावरून पळाले, ही आख्यायिका आपल्याकडे पोराटोरांस ठाऊक आहे. ह्या शब्दामागोमाग अक्षता पडतात. म्हणजे बोलपटाने आपल्या नावातच प्रेक्षकाला एक आमंत्रण दिले आहे, आणि ते साधे नाही. ते लग्नाचे आमंत्रण आहे.

येथे शोकांतिका आणि सुखांतिका ह्यांमधील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शोकांतिकेच्या प्रेक्षकाजवळ लेखक फक्त अश्रू मागतो. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्याची नायिका. त्या काळच्या मानाने ते धाडस मोठे होते, आणि रोहिणी हट्टंगडी ह्यांनी ती भूमिका केली. पण नाटकाच्या अखेरीस मित्राच्या वाट्यास मरण येते. प्रेक्षक हळहळतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. त्याच्या हळहळीत खोटेपणा नसतो. परंतु मेलेल्या मित्रासाठी त्याला आपल्या घरातील काहीच हलवावे लागत नाही. सुखांतिकेची रीत निराळी. ग्रीक मेनँडरपासून आजतागायत तिचा सांगाडा फारसा बदललेला नाही. दोन प्रेमी असतात, मध्ये एक हट्टी वडीलमाणूस असतो, त्याचा हट्ट हास्यास्पद ठरतो, अडथळा दूर होतो, आणि शेवटी सर्वजण एका मांडवात येतात. त्या मांडवात प्रेक्षकही धरलेला असतो. शोकांतिका पाहणारा अंत्ययात्रेस जाऊन येतो. सुखांतिका पाहणाऱ्यास लग्नास उभे राहावे लागते. म्हणून समलिंगी प्रेमावर करुण नाटक लिहिण्यापेक्षा विनोदी बोलपट काढणे हे, आमच्या मते, प्रेक्षकाकडून अधिक मागणे आहे.

प्रेक्षकाने ह्यापूर्वी असल्या मागण्यांस काय उत्तर दिले होते, तेही आठवावे. दीपा मेहता ह्यांचा 'फायर' हा बोलपट १९९८ च्या नोव्हेंबरात भारतात प्रदर्शित झाला. एकाच घरातील दोन सुनांचे प्रेम हा त्याचा विषय. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत गोरेगाव येथील चित्रगृहावर हल्ला झाला, पाठोपाठ दिल्लीतील चित्रगृहावरही झाला. बोलपट पुन्हा परिनिरीक्षण मंडळाकडे गेला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत काटछाटीवाचून परत आला. त्या वेळी काचा फुटल्या. बावीस वर्षांनी आलेल्या ह्या बोलपटाच्या वेळी तसे काही घडले नाही. हा फरक लहान नव्हे. परंतु दगडाची जागा जर नुसत्या हशाने घेतली असेल, तर तो हशा कोणत्या जातीचा, हे तपासल्याखेरीज समाधान मानणे घाईचे होईल.

कारण ह्या विषयावर आपला प्रेक्षक पूर्वीही हसत होताच. पुरुषाने स्त्रीवेष घेतला की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. वेष घेणारा बालगंधर्वांच्या तोलाचा असला तर प्रेक्षक त्याच्यापुढे नम्र होतो, बायका त्याच्या लुगड्याची नेसण घरी उचलतात; आणि तो मोरूची मावशी असला तर प्रेक्षक पोट धरून हसतो. अत्र्यांनी ही मावशी ब्रँडन टॉमस ह्यांच्या १८९२ मधील इंग्रजी प्रहसनावरून घेतली, आणि ती येथे अशी रुजली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक निर्धास्त असतो, कारण लुगड्याच्या आत कोण आहे हे त्याला ठाऊक असते. २००३ मधील 'कल हो ना हो' ह्या बोलपटात दोन मित्र एका बिछान्यात दिसताच घरकाम करणारी कांताबेन भयचकित होते, आणि तिच्या भयाला प्रेक्षक मनमुराद हसतो. त्या दोघांत तसे काही नाही, हे त्याला माहीत असते. २००८ मधील 'दोस्ताना'त दोन पुरुष राहण्यास घर मिळावे म्हणून प्रेमिकांचे सोंग घेतात. तेथेही तीच निर्धास्ती. २०१९ मधील 'ड्रीम गर्ल'मध्ये तर हेच आयुष्मान खुराना बाईच्या आवाजात दूरध्वनीवर बोलून पुरुषांस वेड लावतात. ह्या सर्व विनोदांचे मूळ एकच: वाटते तसे ते नाही. सोंग उतरले की जग पुन्हा पूर्ववत् होते.

'शुभ मंगल ज्यादा सावधान'ने ह्या विनोदाचे मूळच काढून घेतले. येथे वाटते तसेच ते आहे. शेवटच्या प्रवेशात काढून ठेवण्यास टोप नाही की लुगडे नाही. कांताबेनची ती भयचकित नजर येथेही आहे, ती शंकर त्रिपाठींच्या डोळ्यांत आहे. पण आता ज्याचे भय वाटते ते खरे आहे, आणि खऱ्याचे भय बाळगणारा मनुष्य हाच विनोदाचा विषय झाला आहे.

आम्ही हा खेळ पुण्यातील एका चित्रगृहात, बऱ्यापैकी भरलेल्या गर्दीत पाहिला. वडिलांना ओकारी येते तेथे मोठा हशा पिकला. पण तो हशा एकजिनसी नव्हता, असे आम्हांस तेव्हाच जाणवले. काही लोक वडिलांस हसत होते. काही वडिलांसह हसत होते. एकाला ती ओकारी हास्यास्पद वाटत होती, दुसऱ्याला ती योग्य वाटत होती आणि ती पडद्यावर उघडपणे दाखविली ह्याचाच आनंद होत होता. लेखकाने हे द्व्यर्थी दृश्य बुद्ध्याच तसे ठेविले असावे. विनोदी लेखकाला प्रेक्षक जेथे उभा आहे तेथूनच त्याला उचलावे लागते. त्याचे कसब पुढे असते: आरंभी वडिलांसह हसणाऱ्या माणसाला शेवटापर्यंत वडिलांस हसावयास लावणे. कार्तिक इंद्रधनुष्यी झेंडा खांद्यावर टाकून गच्चीवर चढतो आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात, रोगी कोणी असेल तर तो अमन नसून शंकर त्रिपाठी आहेत, असे जाहीर करतो, तेथवर येताना आमच्या आजूबाजूचा हशा पुष्कळसा एका बाजूस वळला होता. सर्व नव्हे, पुष्कळसा. आमच्या मते ह्या बोलपटाचे खरे यश हेच, आणि ते मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडी आणि पुढे बैठकींतून आम्ही जे अभिप्राय ऐकले, त्यांत तीन आक्षेप वरचेवर येत. पहिला असा की, प्रेम असेल तर असो, पण ते दाखवावयाचे कशाला? ह्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. नायक-नायिकांचे आलिंगन आणि चुंबन हिंदी बोलपटांत पाहताना हे गृहस्थ उठून जात नाहीत. दाखविण्यासंबंधीचा नियम सर्वांस सारखा लावणाऱ्याशी आम्ही वाद घालणार नाही. परंतु तो दोघांसाठीच काढलेला असेल तर तो रुचीचा नियम नव्हे, नुसता परिचयाचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप असा की, बोलपटात उपदेश फार आहे. ह्यात तथ्य आहे. जेथे प्रसंगाने काम झाले असते तेथे पात्रांकडून व्याख्यान करविले आहे. प्रेक्षकाला आपले म्हणणे समजणार नाही अशी धास्ती लेखकाच्या मनात आहे, आणि ज्याला प्रेक्षकाची धास्ती वाटते त्याचा विनोद अडखळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो ज्यांच्या जिव्हाळ्याचा हा प्रश्न, अशा तरुणांकडून आला. त्यांचे म्हणणे असे की, ह्या बोलपटात वडील आहेत, आई आहे, काका-काकू आहेत; फक्त प्रेम तेवढे नाही. आम्हांस हा आक्षेप सर्वस्वी खरा वाटतो. अमन आणि कार्तिक एकमेकांस कसे भेटले, एकाला दुसऱ्यात काय दिसले, रात्री दार लावून घेतल्यावर ते कशावर भांडतात, ह्यांतले आपल्या हाती फारसे काही लागत नाही. प्रेक्षक घरी जाताना गजराज राव आणि नीना गुप्ता ह्यांची वाखाणणी करीत गेला, ह्याचे कारण केवळ त्या दोघांचा अभिनय नव्हे. लेखकाने सर्व रंग त्यांच्याच ताटात वाढले आहेत.

येथे देवलांच्या 'शारदे'चे स्मरण होते. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातही समाजाच्या एका रूढीला हशाने जिंकावयाचे होते. लग्नाला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ आणि पैशासाठी मुलगी देणारा कांचनभट ह्यांस प्रेक्षक हसला, आणि हसता हसता आपल्या ओळखीतल्या भुजंगनाथांस ओळखू लागला. पण देवल तेथे थांबले नाहीत. त्यांनी शारदेला तिचा स्वतःचा आवाज दिला, तिच्या मैत्रिणी दिल्या, तिची भीती तिच्याच गाण्यांतून सांगितली. म्हणून भुजंगनाथाला हसणारा प्रेक्षक शारदेसाठी रडला, आणि त्या दोहोंच्या मिलाफात नाटकाचे सामर्थ्य आहे. 'शुभ मंगल ज्यादा सावधान'मध्ये भुजंगनाथाचा अर्धा भाग उत्तम साधला आहे. शारदेचा अर्धा भाग लिहिलाच गेलेला नाही. वडिलांचा हट्ट चुकीचा, एवढे प्रेक्षकाला कळते. त्या हट्टापायी नेमके काय मोडणार होते, ते कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढे झाला. हर्षवर्धन कुलकर्णी ह्यांचा 'बधाई दो' हा बोलपट ११ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. पुरुषावर प्रेम करणारा एक पोलीस अधिकारी आणि स्त्रीवर प्रेम करणारी एक व्यायामशिक्षिका, दोघेही घरच्यांच्या तगाद्यास कंटाळून, केवळ दाखविण्यापुरते एकमेकांशी लग्न करतात. राजकुमार राव आणि भूमी पेडणेकर ह्यांच्या त्या भूमिकांत एकांताचे, भीतीचे, लहानसहान सुखांचे क्षण आहेत. प्रेमिकांस तेथे तोंड फुटले आहे. परीक्षकांनी त्याला वाखाणले, पण चित्रगृहात त्याला गर्दी कमी झाली.

गर्दीचा हिशेबही थोडक्यात पाहू. 'ड्रीम गर्ल'चे भारतातील निव्वळ उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या पुष्कळ पुढे गेले. 'शुभ मंगल ज्यादा सावधान'चे साठ कोटींच्या आसपास राहिले. नट तोच, अंतर पाच-सहा महिन्यांचे. मार्चच्या मध्यास साथीमुळे चित्रगृहे बंद होऊ लागली, हे कारण गृहीत धरले पाहिजे. तरीही बाईचा आवाज काढणाऱ्या पुरुषाइतका पुरुषावर प्रेम करणारा पुरुष प्रेक्षकाला जवळचा वाटला नाही, हे उरतेच. आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत ३० सप्टेंबर २०२२ रोजी 'ब्रॉस' हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा विनोदी बोलपट मोठ्या कंपनीने मोठ्या गाजावाजाने काढला. खर्च सुमारे २ कोटी २० लक्ष डॉलर. पहिल्या तीन दिवसांचे उत्पन्न ४८ लक्षांच्या आसपास. जे आले त्यांस तो आवडला. पण आले थोडे. त्याचे प्रमुख नट व सहलेखक बिली आयक्नर ह्यांनी इतर प्रेक्षकवर्ग आला नाही म्हणून उघडपणे खंत व्यक्त केली. त्यांची खंत आम्ही समजू शकतो. पण न आलेल्या पाहुण्याला दोष देऊन पंगत भरत नाही. बोलपट पाहणे हे पुण्यकर्म आहे असे भासविले की लोक पुण्यकर्म पुढच्या आठवड्यावर ढकलतात. ह्या बाबतीत अलाहाबादच्या त्रिपाठी कुटुंबाने अधिक व्यवहारचातुर्य दाखविले. त्यांनी आईबापांस आईबापांची गोष्ट सांगून आत बोलाविले. त्यासाठी मुलांची गोष्ट अर्धी ठेवावी लागली, ही त्याची किंमत. आणि ती किंमत जबर आहे, असेच आमचे मत आहे.

असो. ह्या साऱ्या चर्चेत एक प्रेक्षक सहसा मोजला जात नाही, त्याच्याविषयी लिहून हा लेख पुरा करतो. तो प्रेक्षक अठरा-वीस वर्षांचा आहे, आईबाप आणि धाकटी बहीण ह्यांच्या मध्ये बसला आहे, आणि अमनची गोष्ट ही आपलीच गोष्ट आहे हे त्याने अद्याप कोणास सांगितलेले नाही. त्याचे लक्ष पडद्याकडे अर्धेच आहे. वडील कोठे हसतात, आई कोठे हात आखडून घेते, ओकारीच्या दृश्याला बाबांच्या तोंडून कोणता शब्द निघतो, हे तो अंधारात टिपून घेत आहे. आपण ज्याला करमणूक म्हणतो ती त्याच्यापुरती परीक्षा आहे, आणि परीक्षा देणारे आपण आहो. घरी गेल्यावर आपल्याला काय सांगता येईल आणि काय जन्मभर लपवावे लागेल, ते तो आपल्या हशावरून ठरवितो. असे मुलगे आणि अशा मुली भरलेल्या चित्रगृहात कोणत्या खुर्च्यांवर बसल्या असतील, हे कोणास सांगता येईल? म्हणूनच हशाच्या बाजूविषयी आम्ही एवढे बोललो. नुसत्या रसचर्चेसाठी ते नव्हते.

बोलपटाच्या नावाने लग्नाचे आमंत्रण दिले होते, असे आम्ही वर म्हटले. प्रत्यक्षात अमन आणि कार्तिक ह्यांचे लग्न पडद्यावर लागत नाही. ते आगगाडी पकडण्यास धावतात, आणि कथा संपते. ह्यात लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. २०१८ च्या निकालाने शिक्षेचे भय गेले, पण लग्नाचा हक्क त्यातून आला नाही. आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, असा विवाह मान्य करणे हे आपले काम नसून विधिमंडळाचे आहे, असे सांगून तो देण्यास नकार दिला. कायद्यातील ही जागा बोलपट भरू शकत नव्हता, आणि प्रेक्षकही भरू शकणार नाही. परंतु घरातील जागा ही न्यायालयाच्या अखत्यारीतली नव्हे. मुलाचा सोबती दारात आला असता त्याला आत बसवावे की नाही, त्याचे नाव काय म्हणून सांगावे, दिवाळीच्या फराळास त्याचे ताट मांडावे की नाही, हे प्रश्न आईबापांनीच सोडवावयाचे आहेत. शंकर त्रिपाठींस ते सोडविण्यास दोन तास लागले आणि पुष्कळ शोभा झाली. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी त्या शोभेस हसून घेतले, त्यांनी ते हसणे घरी गेल्यावरही स्मरणात ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.